सात घोडे आणि एक उडता डबा

आदरणीय अध्यक्ष म्मे मात्शेपो, व्यासपीठावरचे सचिव महोदय, सत्कारमूर्ती न्ताते रामाबोली, आणि राजधानी मासेरूच्या या ऊबदार सभागृहात जमलेल्या सगळ्या म्मे आणि न्ताते, म्हणजे आयाबायांनो आणि वडीलधाऱ्यांनो, सर्वांना शांती लाभो.

डोंगरातल्या दवाखान्याची मी नर्स. दोन गोड शब्द बोलायला मला बोलावलंय. न्ताते आता आरोग्य खातं सोडून परदेशी निघालेत, इतर छोट्या देशांना भविष्य शिकवायला. त्या देशांबद्दल मला मनापासून सहानुभूती आहे.

आपल्याकडे धोरण कसं ठरलं? फुटबॉलच्या मैदानावर, निरभ्र दुपारी, ड्रोनने एक रिकामा डबा उचलून पलीकडच्या गोलपाशी ठेवला. टाळ्या पडल्या. चहा येईपर्यंत निर्णय झाला: डोंगरात औषधं आणि रक्त यापुढे आकाशातून. महिन्याभरात दवाखान्यांचे औषधं वाहणारे सातही घोडे लिलावात गेले आणि आमचे घोडेस्वार लेबुसा घरी बसले. मी विचारलं होतं, "न्ताते, बर्फ पडल्यावर काय?" तुम्ही हसलात. "म्मे, तुम्ही इंजेक्शनं द्या. हवामान आमच्यावर सोडा."

सोडलं.

जुलैत, आपल्या ऐन हिवाळ्यात, पुलेंग नावाची शिक्षिका आमच्याकडे बाळंत झाली. बाळ रडलं, पण तिचा रक्तस्राव थांबेना. रस्ता बर्फाने बंद. खाली जिल्ह्याच्या इस्पितळात फोन केला, तर ड्रोनवाला रडवेला झालेला. "म्मे, वारा फार आहे, यंत्र उडतच नाहीये हो!"

मग मी लेबुसांना फोन लावला. ते इस्पितळाजवळच राहतात.

"न्ताते लेबुसा, तुम्हाला हे सांगायचा मला अधिकार नाही..."

"अधिकार राहू दे गं पोरी. रक्त कुणाकडून घेऊ, तेवढं बोल."

शेजाऱ्याचा घोडा मागून, पिशव्या गोठू नयेत म्हणून ब्लँकेटखाली छातीशी धरून, हा साठीचा माणूस पाच तास बर्फातून चढला. पाच तास मी पुलेंगचं पोट दाबून बसले होते. पुलेंग वाचली. लेबुसांच्या डाव्या हाताची दोन बोटं मात्र गोठली. ती कापावी लागली.

आणि आपल्या खात्याने काय केलं? अहवालात ही खेप ड्रोनची यशस्वी फेरी म्हणून छापली. लेबुसांना नोटीस धाडली: विनापरवाना सरकारी रक्ताची वाहतूक. सोमवारी सुनावणी आहे. नोटिशीखाली सही सत्कारमूर्तींची.

न्ताते, नोटीस मागे घेण्याचा कागद मी टाइप करून आणलाय. आज पाच वाजेपर्यंत तुम्ही पदावर आहात, तोवर तुमच्या सहीला अर्थ आहे. हे घ्या पेन... कार्यक्रमानंतर? नको, मी थांबते. घाई कुणाला आहे? जेवण अजून शिजतंय... इथे, खाली... तारीखही घाला.

झालं. सही नीट वाचता येतेय.

अध्यक्षांनी मला वेळ दिला, तुम्ही ऐकून घेतलंत, ऋणी आहे. बोलण्यात काही राहून गेलं असेल तर क्षमा असावी. जे बोलले, त्याची मागत नाही.