खाचेवरचा पूल

नाही, नाही, तसं नाही धरायचं डॉक्टर — खांद्याचं पातं आहे ते, ताटली नाही. इतकी वर्षं चिरफाड करताय माणसांची आणि हाड धरायला अजून मीच शिकवायचं का? उजेडाकडे करा. वरच्या कडेला खाच दिसते? दिसायलाच हवी — विद्यार्थी असताना याच टेबलावर, याच पेटीतलं हाड हातात घेऊन घडाघडा म्हणून दाखवलं होतंत, खाच, खाचेवर बंध, बंधाखालून नस. परीक्षक खूश. मी मागे उभा होतो, हाडं साफ करून पेटीत लावणारा शिपाई — माझ्याकडे कोण बघतंय.

आणि आता तुम्हाला खाच बुजलेली हाडं हवीत, भाषणात दाखवायला. बंधाचंच हाड झालेलं, खाचेवर पूल बांधलेला, कुठे एकाचे दोन बंध. आत्ता जाग आली? दोन वर्षांपूर्वी आमच्या हिला घेऊन आलो तेव्हा कुठे होतं हे ज्ञान? ओला टॉवेल दोरीवर टाकता येत नव्हता हिला, खांद्यामागे लिंबू मावेल एवढा खड्डा पडला होता — तुम्ही कपड्यावरूनच चाचपलंत, घड्याळ बघितलंत, म्हणालात, काकू, वयाचं आहे, मन रमवा कशात तरी. म्हणे मन रमवा. मी विचारलं, नस दबली असेल का, तर हसलात. तिथे दबायला काही नसतंच काका, हजारदा हाताळलंय मी ते हाड.

हात गेला तिचा. दुसऱ्या डॉक्टरनं उघडलं तेव्हा पूल निघाला, चांगला जाड. नस मोकळी केली त्यानं, पण सुकलेला स्नायू काही परत भरला नाही. आता वेणी मी घालतो तिची. वाकडी होते.

नाहीत, तसली हाडं नाहीत इथे. यायची की — वीस-पंचवीस पात्यांत एखादं यायचंच. मग विद्यार्थी गोंधळायचे, परीक्षक भडकायचे, मोठे सर म्हणायचे, पेटीत पुस्तकाशी जुळणारंच हाड हवं. आणि आपलं काम म्हणजे चोख — पक्कडीनं पूल मोडायचा, कानस फिरवायची, वरून पॉलिश पेपर, की झाली खाच चित्रातल्यासारखी. तीस वर्षं केलं, एकाला पत्ता लागला नाही. तुम्हाला तरी कुठे लागला, हजारदा हाताळून —

काय बघताय? अंगठा काढा तिथून. खाचेच्या दोन्ही टोकांना गुळगुळीत लागतंय, ते — हो. माझंच काम ते.

मघाशी म्हणालात ना, घरी येऊन तिची माफी मागतो — नका येऊ. तिनं विचारलं, डॉक्टर, तुम्ही शिकलात तरी कुठलं हाड बघून, तर काय सांगाल? ठेवा ते खाली. ठेवा म्हणतो ना. पेटीला कुलूप लावायचंय मला.