जिभेची खूण

(चंद्रपूर, १९८४. कॉलेजच्या विश्रामगृहातली खोली. पुण्याच्या दातारबाई बोलीच्या उच्चारांचा अभ्यास करायला इथे उतरल्या आहेत. सिंदेवाहीजवळच्या गावाहून देवाजी आला आहे.)

देवाजी : असं नका म्हनू, मॅडम. फोटू तुमी काहाडला. अख्ख्या गावानं पाह्यलं.

दातार : काढला, देवाजीभाऊ. पण तुम्ही समजताय तसला नाही तो.

देवाजी : कसाबी असो. उद्या बायकोचं, मीराचं, पुण्यानुमोदन हाय. बुद्ध-बाबासाहेबाच्या बाजूले तिचा फोटू ठेवा लागते, हार घाला लागते. दुसरा फोटूच नाई तिचा. लग्नातबी नाई काहाडला.

दातार : उन्हाळ्यात तर चांगली धडधाकट होती हो.

देवाजी : मलेरिया डोक्यात चढला. दवाखान्यात नेता नेता बैलबंडीतच गेली.

दातार : अरेरे... देवाजीभाऊ, मी तिचा चेहरा काढलाच नाही. बोलताना जीभ टाळूला कुठं टेकते, ते मी बघते. कोळशाची पूड तेलात कालवून जिभेला लावायची, एक शब्द म्हणायला सांगायचं, मग तोंडात आरसा धरून टाळूचा फोटो. जीभ टेकली तिथं काळं उठतं.

देवाजी : तोंडाच्या आतला?

दातार : हो. तिला सांगितलं होतं मी. खूप हसली.

देवाजी : मले नाई सांगतलं. म्हने, पुन्याची बाई माझावाला फोटू काहाडून राह्यली. नवं लुगडं नेसली, शेजारनीच्या बांगड्या मांगून घातल्या.

दातार : हिरवं लुगडं. छान दिसतंय म्हटलंही मी.

देवाजी : मंग एक काऊन नाई काहाडला? एकच?

दातार : रोल संपत आला होता, शब्द उरले होते. मला शब्दच हवे होते. चुकलं माझं.

देवाजी : पोरगी दीड सालाची हाय. माय कशी होती, काय दाखवू तिले?

दातार : एखाद्या पेंटरला सांगून चित्र—

देवाजी : त्यानं कुठी पाह्यलं मीराले? जो हाय तो दाखवा.

दातार : नका बघू. माणूस ओळखू येत नाही त्यात.

देवाजी : दाखवा म्हनतो ना.

दातार : ...हा घ्या.

देवाजी : ...हा दात तिचाच. बोरिंगचा दांडा लागून तुटला होता. हे कारं तिच्या जिभीचं?

दातार : हो. तुमच्याकडे 'ळ'चा 'र' होतो, तो बघत होते.

देवाजी : कोनता शब्द बोलली?

दातार : जवळ. ती 'जवर' म्हणाली.

देवाजी : ...देता का हा?

दातार : न्या. पण याला हार घालणार? लोक काय म्हणतील?

देवाजी : म्हनू द्या. मॅडम, याची वरची बाजू कोनती?