मोगऱ्याची करपलेली पानं

नेरुळच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोघी बसल्या होत्या. एक सारखी डॉक्टरांच्या बंद दाराकडे बघणारी संध्या, दुसऱ्या तिच्या सोसायटीच्या गेटवर मासळी विकणाऱ्या, जवळच्या सारसोळे गावच्या विमलबाई.

"विमलबाई, घरच्या फिश टँकचं पाणी मी झाडांना खत म्हणून घालते. दोन वर्षं मोगरा नुसता भरून यायचा. आता आठ दिवसांत पानांच्या कडा करपल्यात."

"पानी चाखून बघितलंस?"

"माशांचं पाणी? शी."

"माजा बाप मिठागरावर होता. पान कडंपासून जललं म्हंजे पान्यात मीठ हाय."

"टँकमध्ये मीठ कोण टाकेल?"

"मासा आजारी पडला का टाकतात. टाकी तू बघतेस?"

"नाही, नवरा. रोज विचारते, मासे ठीक आहेत ना? म्हणतो, एकदम मस्त, तू टेन्शन घेऊ नको."

"तू घाबरतेस म्हनून सांगत नसंल."

संध्या उठून डॉक्टरांच्या दाराकडे निघाली.

"कुटं उठलीस? आत कोन हाय?"

"तोच. स्वतःचे रिपोर्ट घेऊन गेलाय. मला म्हणाला, रुटीन आहे, टेन्शन घेऊ नको, तू बाहेरच बस."