कोकमतेल आणि कमलचे हात

पयलं हेच सांगतो, की कमलचे हात माझ्यामुळं भाजले आणि पोरीच्या हळदीला ते कामाला आले नाय. बाकीचं मग.

कमल माझी बायको. उरणकडच्या मिठागरवाल्यांच्या घरची, म्हणजे लहानपणापासून हात खारात. लग्न होऊन आली तवा आमचं शेत होतं, मग शेत गेलं, तिथं नवीन पनवेलचं सेक्टर झालं, बिल्डिंगी झाल्या, आणि तिला त्याच बिल्डिंगींच्या बागेत माळीकाम मिळालं. काय सांगू तुमाला, जिथं आमी भात लावला तिथं ती आता जास्वंद छाटते. माती, खत, चाफ्याचा चीक, सगळं हातांत जाऊन बसलंय, बोटांना भेगा, भेगांत काळं, किती घासा, निघत नाय. मी द्रोणागिरीला कंटेनर यार्डात, माझे हात ग्रीसचे. पण ग्रीस निघतं, आणि तिथंच माझा हिशेब चुकला.

रेश्माचा, आमच्या पोरीचा, साखरपुडा झाला. मुलाकडचे लोक चांगले हायेत, वाईट नाय बोलणार. कमलनं कुंकू लावायला हात पुढं केला आणि मुलाची मावशी बोलली, विहीणबाई, कुंडी भरता भरताच उठून आलात वाटतं. मस्करी होती. सगळे हसले. मी पण हसलो. कमलनं हात पदराखाली घेतले ते बाहेर काढलेच नाय, जेवली पण नाय, भूक नाय बोलली.

मला वाटलं, हळदीला असं नको व्हायला. आमच्या घरात पयली हळद आईच्या हातची, मग बाकीच्या सवाशिणी. तर मी यार्डातून ग्रीस काढायचं लिक्विड आणलं बाटलीत भरून. आमी रोज त्यानंच हात धुतो, चुरचुरतं जरा, पण हात लख्ख. हळदीच्या आदल्या दिवशी तिला मोरीवर बसवलं आणि ब्रशनं घासायला लागलो. ती बोलली, अवो, आग होते, सोडा. मी बोललो, सोस जरा, उद्या सगळे बघतील. माझी कातडी जाड, अख्खी, आणि तिच्या भेगा उघड्या, हे ध्यानातच आलं नाय. संध्याकाळपर्यंत हात लालबुंद, फोड आलेले. डॉक्टरनं पट्ट्या बांधल्या, मला बोलला, हातच हायेत ना हे, मशीन हाय का.

हळद माझ्या वहिनीनं लावली. रेश्मा बोलली, आई, पट्टीनंच लाव. कमल बोलली, नको बाय, औषधाचा वास लागंल तुला. दारात उभी राहिली, हळदीची गाणी मात्र सगळ्यांच्या वर आवाज काढून गायली.

तवापासून तिचे हात मीच करतो. ड्युटीवरून आलो की पाणी कोमट करायचं, ती हात बुडवून बसते, मी जुन्या मऊ ब्रशनं नखांतलं काढतो, फडक्यानं टिपतो, कोकमतेलाचा गोळा वाटीत वितळवून भेगांत भरतो. दोघं पण दमलेले. काळं थोडं राहतंच, राहू दे. सकाळी ती परत मातीत. हातमोजे आणून दिले तर बोलते, त्यात मूळ कळत नाय हाताला.

परवा रेश्माचा फोन आला, बोलली, बाबा, लग्नाच्या फोटोत आईचे हात कुठंच नाय. फोन ठेवला, तेल लावायला बसलो, आणि बोललो, ते लिक्विड मी आणायला नको होतं. कमल बोलली, ते जाऊ द्या, ते काय तुमी मुद्दाम नाय केलं. मग वाटीकडं बघत बोलली, साखरपुड्यात तुमी हसलात.

एवढंच. रागानं पण नाय, दमल्यासारखी. तिचा हात माझ्या हातात तसाच, वाटीतलं तेल थिजायला लागलेलं. मी बोललो,

"कमल, त्या मावशीला बरं वाटावं म्हणून मी हसलो. तुझ्या हातांवर हसलो. चुकलो मी, माफ कर मला."