गाडीने उडी मारली नाही, याबाबत

माझे नाव व राहण्याचा पत्ता सोबतच्या पानावर लिहून घेतला आहे. वय सहासष्ट. शिक्षण रसायनशास्त्राची पदवी. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते, आता निवृत्त. समक्ष विचारल्यावरून सांगते की, सदर पत्त्यावर मी, माझे पती, मुलगा आणि सून असे एकत्र राहतो.

पती बँकेत वाहनकर्ज विभागात अधिकारी होते. लोकांच्या गाड्या त्यांनी जन्मभर कर्जावर मंजूर केल्या, स्वतःची मात्र पैसे साठवून रोख घेतली. ती जुनी असून अजून चालू स्थितीत आहे. गाड्या हा त्यांचा छंद आहे असे लोक म्हणतात. घरात जेवताना आणि झोपताना दुसरा विषय नसतो.

ठाणे अंमलदारांनी मला मते नकोत, घडले ते सांगा, असे सांगितले. परंतु पतींची मते सांगितल्याशिवाय घडलेले समजणार नाही, म्हणून थोडक्यात सांगते. पूर्वी बटण न बघता हाताला सापडायचे, आता गार हवा कमी करायलाही पडद्यावर बोटे घासावी लागतात. गाडी सारखी टोकते. पट्टा लावा, रेषा सोडू नका, दमलात, थांबा. ही गाडी आहे की सासूबाई, असे ते माझ्यासमोर म्हणतात. माझ्या आईने त्यांना कधी एका शब्दाने टोकले नव्हते, हे नोंदवून घ्यावे. पूर्वी शोरूममधला माणूस आधी इंजिन दाखवायचा, आता आधी हप्ता सांगतो. हल्ली गाडी विकत नाहीत, हप्ता विकतात, असे त्यांचे म्हणणे. यातले बरेचसे खरे आहे. मला ते पाठ आहे.

मुलाने गेल्या वर्षी हप्त्यांवर नवी गाडी घेतली. तिला क्लच नाही, दोनच पेडल आहेत. समोर काही आले तर ती स्वतः थांबते, असे त्याला सांगण्यात आले होते. पतींनी काही महिन्यांपासून एक तक्रार लावून धरली, की हिचा ब्रेक तळपायाला कळत नाही, पेडल मेलेले आहे. मुलाने गाडी दोनदा तपासून आणली. दोष निघाला नाही. याच सुमारास घरात चालताना पतींच्या उजव्या पायातली चप्पल मागे राहू लागली. चप्पल दिवाणखान्यात आणि हे स्वयंपाकघरात, आणि त्यांना पत्ता नसे. त्यांना मधुमेह आहे. पायाची तपासणी करून घ्या, असे मी सांगितले. हल्ली चपलासुद्धा नीट बनवत नाहीत, असे ते म्हणाले.

काल सकाळी मला दातांच्या डॉक्टरांकडे जायचे होते. जुनी गाडी नव्या गाडीच्या मागे अडकली होती, म्हणून पतींनी मुलाकडून नवीची चावी घेतली. मी शेजारी बसले होते. इमारतीखालून बाहेर पडताना वळणावर गाडी एकदम सुटली. पती ओरडत होते, "ब्रेक दाबलाय, अगं, ब्रेकच दाबलाय." मी खाली पाहिले. चप्पल ब्रेकच्या खाली पडली होती. अनवाणी पाय ॲक्सिलरेटरवर होता आणि ते तो सगळ्या ताकदीने दाबत होते. गाडी पहारेकऱ्याच्या खुर्चीवर आणि मग खांबावर जाऊन थांबली. पहारेकरी खुर्चीतच होता. त्याचा पाय मांडीत मोडला आहे.

पती खोटे बोलत नाहीत. पाय ब्रेकवर आहे असेच त्यांना वाटत होते. आजही वाटते.

पहारेकऱ्याला मी संध्याकाळी रुग्णालयात भेटले. तो म्हणाला, "बाई, साहेबांना बोल लावू नका. गाडीनेच उडी मारली. साहेब तर रोज सांगायचे, या गाड्यांचा भरवसा नाही." हे खरे आहे. रोज सकाळी त्याच्याकडून वर्तमानपत्र घेताना पती त्याला हेच सांगत. इमारतीतल्या इतरांना विचारले तर तेही हेच सांगतील. सगळ्यांनी ते ऐकलेले आहे. पाहिलेले कोणी नाही.

गाडीत दोष ठरला तर कंपनी बघून घेईल, नाहीतर मोडक्या गाडीचे हप्ते भरत बसावे लागेल, असे मुलाचे म्हणणे आहे. इथे येताना वाटेत तो म्हणाला, "आई, खोटं नको बोलूस. लक्ष नव्हतं, एवढंच सांग." माझे लक्ष होते. स्वतः थांबणारी गाडी थांबली का नाही, असे मी शोरूमच्या तंत्रज्ञाला फोन करून विचारले. पेडल पूर्ण दाबलेले असेल तर गाडी माणसाचे ऐकते, असे त्याने सांगितले. त्यावर विचारण्यासारखे काही उरले नाही.

आज सकाळी पतींनी जुनी गाडी पुसून काढली. पहारेकऱ्याच्या बायकोला उद्यापासून रुग्णालयात मीच नेईन-आणीन, माझ्या गाडीवर माझा विश्वास आहे, असे म्हणाले. त्या गाडीचा ॲक्सिलरेटरही उजव्याच पायाशी आहे. आणि तिला स्वतः थांबता येत नाही.

तरी नव्या गाडीबद्दल माझी तक्रार नाही. पतींच्या पायाची तपासणी होऊन डॉक्टर लेखी देईपर्यंत त्यांचा वाहन परवाना जमा करून घ्यावा, अशी विनंती आहे. मी घरी सांगून पाहिले. घरी ते माझे मत ठरते.

जबाब वाचून दाखवण्यापूर्वी अंमलदारांनी दार लोटून घेऊ का, असे विचारले, कारण पती बाहेर बाकावर बसलेले असून शिपायाला ठाण्याच्या गाडीच्या टायरबद्दल काही सांगत होते. मी दार उघडे ठेवायला आणि मोठ्याने वाचायला सांगितले. त्याप्रमाणे वाचण्यात आले. चपलेच्या उल्लेखानंतर बाहेरचे बोलणे थांबले, ते शेवटपर्यंत पुन्हा सुरू झाले नाही. लिहिलेले सर्व माझ्या सांगण्याप्रमाणेच आहे, त्यात काही खोडायचे नाही. सही करते.