घरी नव्हते, मागावर होते

बारावीनंतर माझं एक वर्ष वाया गेलं, असं परत म्हणू नका हं. ॲडमिशनच्या शेवटच्या दिवशी काय झालं, ते ऐका आधी.

मी टेक्स्टाईलचा फॉर्म भरायला गेले, तर खिडकीतले काका म्हणाले, “गॅप हाय की तुमचा. ‘वर्षभर घरीच होते’ असं छापलेल्या ह्या कागदावर सही करा.”

“घरी नव्हते काका, टॉवेलच्या कारखान्यात मागावर विणायला होते.”

“तसं चालत न्हाय. सगळे ‘घरीच’वर सही करतात.”

“मग मी सही करत नाही.”

मागं रांगेत पोरं ओरडायला लागली. आवाज ऐकून विभागाच्या मॅडम बाहेर आल्या. “मागावर होतीस? चल बघू.” मला थेट प्रयोगशाळेत नेलं. तिथला माग चालू केला की दोन मिनिटांत धागे तुटायचे.

वाकून बघितलं आणि मला हसूच फुटलं. तुटलेल्या धाग्यांना कुणीतरी बुटाच्या नाडीसारख्या गाठी मारलेल्या! एवढी जाड गाठ मागाच्या फणीच्या बारीक फटीतून जाईल कशी? कारखान्यात व्यंकम्माअक्कांनी पहिला महिनाभर मला नुसती बारीक गाठच मारायला लावली होती. मी त्या सगळ्या गाठी कापल्या, नव्या मारल्या आणि माग चालू केला. खटाक खटाक जे सुरू झालं, ते थांबेचना.

मॅडम मला घेऊन परत खिडकीवर आल्या. “हिचं कारखान्यातलं काम लिहून घ्या.”

“पण मॅडम, कागदावर ‘घरीच होते’ असं छापलंय.”

“मग तो कागद माझ्या नावानं भरा. त्या जाड गाठी मीच मारल्या होत्या.”