मूर्तीच्या पाठीवरचा खडू

पेणच्या एसटी स्टँडवर रोह्याच्या गाडीची वाट बघत होतो. मागच्या बाकावर हमरापूरच्या गणपती कारखान्यात मूर्तींचे डोळे आखणाऱ्या गोदूबाई पिशवी घेऊन बसल्या होत्या. कारखान्याचा मालक, त्यांचा पुतण्या सुशील, त्यांना परत न्यायला आला होता.

“असं काय करतेस गो काकी? तू आखलेल्या डोळ्यांचा फोटो इन्स्टावर बारा हजार लोकांनी बघितला.”

“फोटोखाली माझं नाव नाय.”

“तिथं नाव नाय चालत, हॅशटॅग लागतात.”

“ते काय असतं?”

“आपण मूर्तीच्या पाठीवर खडूनं गिऱ्हाईकाचं नाव लिहितो ना, गर्दीत चटकन सापडायला? तसंच. दोन उभ्या, दोन आडव्या रेघा मारायच्या आणि पुढं शब्द लिहायचा.”

“कुठले शब्द लिहिलेस?”

“इको-फ्रेंडली.”

“मूर्ती प्लास्टरची हाय.”

“लोक तेच शोधतात. मग गोवा.”

“गोवा कशाला?”

“गोव्याचा हायवे आपल्या गावावरनंच जातो की. मग नारीशक्ती.”

“कोण नारी?”

“तूच की.”

“मग नाव घालायला काय झालं?”

“गोदूबाई म्हणून कोण शोधणार, काकी? चल आता. उद्या टेम्पो येतोय आणि चाळीस मूर्ती बिनडोळ्यांच्या उभ्या हायत.”

“माझी गाडी लागली बघ. रोह्याला लेक वाट बघत असेल.”

“आणि मूर्तींचं काय करू?”

“प्रत्येकीच्या तोंडावर खडूनं लिही, हॅशटॅग डोळे. ज्याला पायजेत तो शोधील.”